खरवसाआधी वासरू

बोर्डीकडे गाय व्यायली की घरात खरवसाचे वेध लागतात. वासराला मात्र काही गोठ्यांत वार पडेपर्यंत आचळाला लावत नाहीत. त्यात मोलाचे तास जातात.

गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत, त्यामुळे वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते. चिकातली प्रतिपिंडे त्याच्या आतड्यातून थेट रक्तात शिरतात. पण ही वाट तासागणिक अरुंद होते आणि 24 तासांत बंद होते. म्हणून 20 किलोच्या वासराला पहिल्या दोनेक तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे दोन लिटर चीक पाजावा. उरेल त्याचा खरवस खुशाल करावा.

एवढ्याने भागत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना तांबे, जस्त, सेलेनियम लागते. दुधात तांबे आणि लोह अगदी थोडे. सुरुवातीचे दिवस वासरू यकृतातल्या साठ्यावर काढते, आणि तो साठा आईच्या पोटातच, शेवटच्या महिन्यांत भरतो. भाताच्या पेंढ्यात फॉस्फरस कमी. शिवाय त्यातले ऑक्सॅलेट कॅल्शियम अडवून ठेवते. दूध आटले की गाईचा खुराक पहिला तोडला जातो. नेमके तेव्हाच तिला रोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण हवे. नुसते मीठ त्याची जागा घेत नाही.

वासरू माती किंवा भिंत चाटू लागले तर खनिजांची कमतरता असू शकते, जंतही असू शकतात. शेण तपासून घ्यावे. सेलेनियमचे इंजेक्शन मात्र पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय नको. गरजेची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते.