औषधांच्या बाटल्या टेबलावर मांडा

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीत पासष्टी ओलांडलेल्यांच्या टपालपेट्या ओसंडू लागतात. गुळगुळीत कागदावर सायकल चालवणारी पांढऱ्या केसांची जोडपी आणि त्यांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत '० डॉलर प्रीमियम'. टीव्ही लावला तरी तेच. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा असलेल्या प्रत्येकाला पुढच्या वर्षासाठी प्लॅन बदलता येतो, म्हणून विमा कंपन्यांची ही सगळी धावपळ.

याच आठवड्यांत मी ग्रंथालयातल्या एका छोट्या खोलीत लॅपटॉप उघडून बसते. 'स्टेट हेल्थ इन्शुरन्स असिस्टन्स प्रोग्रॅम', म्हणजे सगळे ज्याला 'शिप' म्हणतात, ही योजना अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक मेडिकेअरबद्दल फुकट सल्ला देतात. आम्ही काही विकत नाही आणि कोणत्याही कंपनीचं कमिशन घेत नाही. आमच्या भागात मराठी मंडळी भरपूर, त्यामुळे येणाऱ्यांमध्येही त्यांचा भरणा. काही जण सत्तरच्या-ऐंशीच्या दशकात इंजिनिअर, डॉक्टर म्हणून आलेले आणि आता निवृत्त झालेले. काही जण मुलाने किंवा मुलीने ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेले आई-बाबा. बसता बसता जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "यातला चांगला कुठला, तेवढं सांग."

सगळ्यांसाठी चांगला असा प्लॅन नसतो. तुमच्या गोळ्यांना, तुमच्या डॉक्टरांना आणि तुमच्या राहणीला बसणारा प्लॅन असतो. तो कसा शोधायचा हे सांगण्यासाठी आधी थोडी पायाभरणी हवी.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना दिलं. सरकारच्या या मूळ मेडिकेअरचे दोन भाग. पार्ट ए रुग्णालयासाठी आणि पार्ट बी डॉक्टर, तपासण्या, बाहेरच्या बाहेर होणारे उपचार यांसाठी. स्वतः किंवा जोडीदाराने दहा वर्षं कर भरून नोकरी केली असेल तर पार्ट ए फुकट मिळतो. पार्ट बीला २०२६ मध्ये महिना २०२.९० डॉलर पडतात, उत्पन्न जास्त असेल तर त्याहून अधिक. हे मूळ मेडिकेअर अमेरिकेत जवळपास सगळीकडे चालतं, पण त्याला एक मोठं भगदाड आहे. पार्ट बीच्या बिलातले वीस टक्के रुग्णाने भरायचे आणि या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही. केमोथेरपीसारख्या उपचारांत हे वीस टक्के माणसाची शिल्लक धुऊन नेऊ शकतात.

हे भगदाड बुजवायला खासगी कंपन्या येतात, आणि इथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट मेडिगॅपची. मूळ मेडिकेअर ठेवायचं, त्यावर पूरक पॉलिसी घ्यायची आणि औषधांसाठी वेगळा पार्ट डी. मेडिगॅपला इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, आणि न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांत एका अक्षराचं संरक्षण सगळ्या कंपन्यांत सारखंच असतं. फरक फक्त किमतीत. नव्याने येणाऱ्यांमध्ये 'जी' जास्त चालतो. वर्षाला पार्ट बीचे पहिले २८३ डॉलर स्वतः भरले की मेडिकेअरने मान्य केलेल्या उपचारांचा उरलेला वाटा तो उचलतो. दर महिन्याचा हप्ता मात्र मोठा असतो आणि वर्षागणिक चढतो.

दुसरी वाट मेडिकेअर ॲडव्हांटेजची, म्हणजे पार्ट सी. यात ए, बी आणि बहुधा डी, सगळं एकाच खासगी प्लॅनमध्ये. हप्ता कमी, पुष्कळदा शून्य. पार्ट बीचे पैसे मात्र भरावेच लागतात. वर दात, चष्मा, श्रवणयंत्र, जिम. बदल्यात बहुधा नेटवर्कमधलेच डॉक्टर, भेटीला को-पे आणि महागड्या तपासण्यांना कंपनीची आगाऊ मंजुरी. आज पात्र लोकांपैकी निम्म्याहून अधिक याच वाटेवर आहेत.

या दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. चूक होते ती निवडण्याच्या क्रमात.

गेल्या हंगामात एक काका-काकू आले होते. काका निवृत्त इंजिनिअर, हातात छापून आणलेला तक्ता. तेवीस प्लॅन, प्रीमियमच्या चढत्या क्रमाने. पहिल्या ओळीवर पिवळा मार्कर. मी म्हटलं, "काका, तक्ता छान झालाय. पण आधी औषधं बघू या." काकूंनी पिशवीतून बाटल्या काढून एकेक टेबलावर मांडली. मेटफॉर्मिन, ॲटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबाची एक, आणि काकांच्या हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी एलिक्विस.

"मेटफॉर्मिन साधी की ईआर?"

"ती मोठी पांढरी आहे बघ, रात्रीच्या जेवणानंतरची."

मी बाटलीवरचं लेबल वाचलं. ईआर. मेडिकेअरच्या वेबसाइटवरच्या प्लॅन फाइंडरमध्ये नाव टाकलं की याच गोळीचे वेगवेगळे प्रकार समोर येतात. आत द्रव्य तेच, ते पोटात हळूहळू सोडण्याची पद्धत निराळी, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. चुकीच्या ओळीवर टिचकी मारली तर पुढचा सगळा हिशेब खोटा. म्हणून औषधाचं नाव तोंडी कधी घेऊ नये. लेबल वाचावं, त्यावरचे मिलिग्रॅम वाचावेत, महिन्याला किती गोळ्या लागतात ते मोजावं.

मग औषधांची दुकानं निवडायची. एकाच प्लॅनमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानात गोळीचा एक दर आणि प्लॅनच्या पसंतीच्या दुकानात दुसरा. टपालाने तीन महिन्यांच्या गोळ्या मागवल्या तर तिसरा. एवढं भरलं की स्क्रीनवर खरा आकडा येतो: वर्षभराचा हप्ता अधिक वर्षभराची औषधं. त्या आकड्याने यादी लावली आणि काकांचा पिवळा मार्कर लावलेला प्लॅन चार पायऱ्या खाली गेला. एलिक्विस त्या प्लॅनमध्ये होतं, पण दरांच्या वरच्या पायरीवर, आणि आधी मोठं डिडक्टिबल भरल्याशिवाय प्लॅन हात लावणार नव्हता.

औषधांच्या बाबतीत अलीकडे बरंच चांगलं घडलंय, तेही लोकांना माहीत नसतं. पार्ट डीमध्ये असलेल्या औषधांवर खिशातून जाणाऱ्या खर्चाला आता वार्षिक मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती २,००० डॉलर होती, २०२६ मध्ये २,१०० आहे. इन्सुलिनला महिना ३५ डॉलरहून जास्त लागत नाही. आणि सरकारने कंपन्यांशी घासाघीस करून ठरवलेले पहिल्या दहा औषधांचे दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. एलिक्विस त्यातलंच, महिन्याच्या औषधाची यादीतली किंमत ५२१ डॉलर होती, ठरलेला दर २३१.

औषधांनंतर डॉक्टर. इथे फोन उचलावाच लागतो, कारण वेबसाइटवरच्या नेटवर्कच्या याद्या जुन्या असू शकतात. काकांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन लावून विचारलं, "तुम्ही मेडिकेअर घेता ना?" पलीकडून लगेच "हो" आलं आणि काका फोन ठेवायला निघाले. मी थांबवलं. हा प्रश्न पुरत नाही. मूळ मेडिकेअर घेणारा डॉक्टर एखाद्या ॲडव्हांटेज प्लॅनच्या नेटवर्कमध्ये असेलच असं नाही. कंपनीचं नाव सांगूनही भागत नाही. एकाच कंपनीचा पीपीओ हा एका प्रकारचा प्लॅन घेणारा दवाखाना तिचाच एचएमओ हा दुसरा प्रकार घेईलच असं नाही. मग काकांनी प्लॅनचं पूर्ण नाव वाचून विचारलं, "जानेवारीपासून या प्लॅनमध्ये तुम्ही असाल का?" पलीकडच्या बाई जरा थांबल्या, आत विचारून आल्या आणि म्हणाल्या, "पीपीओमध्ये आहोत, एचएमओमध्ये नाही." दोन मिनिटांच्या त्या फोनने तक्त्यातल्या अर्ध्याअधिक ओळी गळाल्या. तोच फोन जवळच्या मोठ्या रुग्णालयालाही करायचा.

तिसरा प्रश्न मी आपल्या लोकांना मुद्दाम विचारते: पुण्याला किती दिवस जाता? दिवाळीनंतर निघून फेब्रुवारीअखेर परतणारी कितीतरी घरं इथे आहेत. मूळ मेडिकेअर मोजके अपवाद सोडले तर परदेशात चालत नाही. मेडिगॅपच्या जी, एन अशा काही पॉलिसींत परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते: प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत सुरू झालेला उपचार, आधी २५० डॉलर आपले, मग ऐंशी टक्के त्यांचे, आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. ॲडव्हांटेजमध्ये काही प्लॅन परदेशातली इमर्जन्सी देतात, काही देत नाहीत. शिवाय सलग सहा महिन्यांहून अधिक काळ प्लॅनच्या क्षेत्राबाहेर राहिलं तर साधारणतः प्लॅनमधून नाव निघतं. पुण्यात घेतलेल्या औषधांचे पैसे पार्ट डी देत नाही. मुक्काम लांबणार असेल तर प्रवास विमा वेगळा काढायला हवा.

आणि शेवटचा प्रश्न कोणालाच आवडत नाही: सगळ्यात वाईट वर्ष आलं तर? ॲडव्हांटेज प्लॅनला नेटवर्कमधल्या उपचारांसाठी वार्षिक मर्यादा ठेवावीच लागते. २०२६ मध्ये ती जास्तीत जास्त ९,२५० डॉलर असू शकते, अनेक प्लॅन त्याहून कमी ठेवतात. मी तो आकडा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देते आणि विचारते, एवढी रक्कम एका वर्षात काढता येईल का? आणि पुढच्या वर्षीही लागली तर? ज्यांना हे सहज झेपतं, ज्यांचे डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत, त्यांना ॲडव्हांटेज उत्तम चालतो. ज्यांना दर महिन्याचा हप्ता जमतो पण अचानक येणारा मोठा खर्च नको, त्यांनी मेडिगॅपकडे बघावं. उत्पन्न कमी असेल तर न्यू जर्सीत औषधांसाठी 'पाड' नावाची राज्याची योजना आहे. पात्र असूनही केवळ संकोचापोटी अर्ज न करणारे मला भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आता जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाते, ती. या दोन वाटांवर परतीचा रस्ता सारखा नाही. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कोणतीही मेडिगॅप कंपनी तुम्हाला आजारपणाच्या कारणावरून नाकारू शकत नाही. ते सहा महिने संपले की न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांत कंपनी तब्येतीची प्रश्नावली पुढे करते आणि नकार देऊ शकते. न्यू यॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन ही चार राज्यं याला अपवाद. पासष्टीला पहिल्यांदाच ॲडव्हांटेज घेतला असेल तर पहिल्या बारा महिन्यांत मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅपकडे परत येता येतं. त्यानंतर मूळ मेडिकेअरकडे दरवर्षी येता येतं, पण मेडिगॅप मिळेलच याची हमी नसते.

एक गृहस्थ निवृत्तीनंतर कित्येक वर्षं शून्य हप्त्याच्या प्लॅनमध्ये समाधानाने होते. मग हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्यांना हवे ते तज्ज्ञ नेटवर्कबाहेर निघाले आणि ते मेडिगॅप घ्यायला निघाले. दोन कंपन्यांनी नकार कळवला. माझ्यासमोर बसून ते एवढंच म्हणाले, "हे मला पासष्टीला कोणी सांगितलं नाही." प्लॅन विकणारा एजंट खोटं बोलला नव्हता, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ग्रीन कार्डावर आलेल्या आई-बाबांचा हिशेब आणखी निराळा. पासष्टी पूर्ण आणि अमेरिकेत सलग पाच वर्षं वास्तव्य झालं की त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं. पण इथे नोकरी केलेली नसेल तर पार्ट ए फुकट नाही. २०२६ मध्ये पूर्ण हप्ता महिना ५६५ डॉलर. पार्ट बी धरून माणशी ७६७.९० डॉलर. ॲडव्हांटेज किंवा मेडिगॅप घ्यायचं तर ए आणि बी दोन्ही असायलाच हवेत, त्यामुळे यांच्यासाठी 'शून्य प्रीमियम' ही जाहिरात फार महागात पडते. त्यात पार्ट बी घ्यायला उशीर झाला तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड, बहुधा कायमचा. मुलं हे आकडे आई-बाबांपासून लपवतात, "तुम्ही नका काळजी करू" म्हणतात. मला वाटतं, आकडे समोर मांडावेत. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसांना हिशेब कळतो.

सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक प्लॅन पुढच्या वर्षी काय बदलणार याचं पत्र पाठवतो. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात तेच सर्वांत साधं दिसतं, आणि वाचायचं तेच. गेल्या वर्षी बसलेला प्लॅन यंदाही बसेल असं नाही. गोळी वरच्या पायरीवर जाते, डॉक्टर नेटवर्क सोडतात.

म्हणून आपल्या मंडळांकडे माझी एक मागणी आहे. इथल्या अनेक गावांत गणेशोत्सवाला आपण शेकड्यांनी जमतो, आणि तो येतो नेमका जाहिरातींच्या हंगामाआधी. त्या सभागृहात प्रसादाच्या रांगेशेजारी एक टेबल मेडिकेअरसाठी मांडावं. प्रशिक्षित, काहीही न विकणारे दोन स्वयंसेवक बसवावेत. आणि पासष्टावं लागलेल्या प्रत्येकाला तिथे एक वाक्य नक्की सांगितलं जावं: पार्ट बी सुरू झाल्यापासूनचे पहिले सहा महिने वाया घालवू नका. इतकं जरी झालं, तरी पुढचे अनेक नकार टळतील.