मधुमेह, हृदय आणि आगाशीचे ताट

वसई तालुक्यातील आगाशीचा परिसर सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळविली म्हणजे सुकेळी तयार होतात. या क्रियेत पाणी उडून जाते; साखर मात्र जागीच राहते. त्यामुळे वजनास वजन धरल्यास सुकेळ्यात ताज्या केळ्याहून साखर पुष्कळच अधिक भरते. पदार्थ नैसर्गिक आहे एवढ्याने मधुमेह्याचे भागत नाही; प्रमाणही पाहावे लागते.

प्रौढ वयात बहुधा आढळणारा, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह हा केवळ रक्तशर्करेचा विकार नव्हे. रक्तदाब व रक्तातील मेद यांच्या जोडीने तो रक्तवाहिन्यांस इजा पोहोचवितो. १०२ अभ्यासांच्या २०१० मधील एकत्रित विश्लेषणात मधुमेह्यांना हृद्रोगाचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे दिसून आले. शिवाय चेतातंतू दुर्बल झाल्यास छातीतील कळ जाणवतही नाही. यास्तव अल्पश्रमाने धाप लागणे किंवा अकारण थकवा येणे ही लक्षणे उपेक्षणीय मानू नयेत.

कृश देह म्हणजे निर्धोक देह, हीही समजूत फसवी होय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के होता.

तेव्हा ताटात बदल करावयाचा तो असा : भाताचा वाटा कमी करून डाळी, कडधान्ये व पालेभाज्या वाढवाव्यात. बांगड्यासारखी तेलयुक्त मासळी हृदयास हितकर आहे. मात्र ती तळण्यापेक्षा कालवणात बरी. खारवलेली सुकी मासळी, पापड व लोणची क्वचितच घ्यावीत, कारण दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे. सुकेळे वर्ज्यच नव्हे. पण लहानसा तुकडा घेतल्यास तेवढा भात कमी करावा.

काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या साहाय्यावाचूनही रक्तातील शर्करा ओढून घेतो. म्हणून आठवड्यात १५० मिनिटे जलद चालणे व दोनतीन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम योग्य ठरतो. दीर्घकाळ व्यायाम नसलेल्यांनी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा शर्करा एकाएकी उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी साखर जवळ बाळगावी. पायांची जखम रोज पाहावी.

एक मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. अमेरिकेत ५,१४५ मधुमेह्यांवर २००१ पासून चाललेला आहार-व्यायामाचा प्रयोग २०१२ मध्ये थांबविण्यात आला. वजन घटले, शर्करा सुधारली. परंतु हृदयविकाराच्या घटना लक्षणीयरीत्या कमी झाल्या नाहीत. याचा अर्थ पथ्य व्यर्थ असा नव्हे. रक्तदाबाची व मेदाची औषधे पथ्याच्या भरवशावर सोडू नयेत, हाच त्याचा बोध होय.