हलकी वस्तू, जड खर्च : घरगुती व्यवसायाच्या पार्सलविषयीचे गैरसमज

पनवेलजवळच्या कामोठ्यात नोकरी किंवा घर सांभाळून झुमके, राख्या, क्रोशाच्या वस्तू, गोडा मसाला विकणाऱ्या अनेक जणी आहेत. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, पॅकिंग जेवणाच्या टेबलावर होतं. मेहनत चोख असते, पण नफा पार्सलच्या खर्चात जिरतो. त्यामागे बहुतेक वेळा पुढचे गैरसमज असतात.

गैरसमज : वस्तू हलकी, म्हणजे पार्सल स्वस्तात जाणार.
वस्तुस्थिती : कुरिअर कंपन्या वजनाबरोबर खोक्याने व्यापलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात आणि साधारणपणे त्याला 5000 ने भागतात. येणारा आकडा म्हणजे किलोतलं आकारमानी वजन. ते आणि प्रत्यक्ष वजन, यांत जे जास्त त्यावर पैसे लागतात. साठ ग्रॅमचे झुमके 25 × 20 × 10 सेंटिमीटरच्या खोक्यात घातले, तर हिशेब एक किलोचा होतो. तेच झुमके 15 × 10 × 4 च्या छोट्या डबीत घातले, तर आकारमानी वजन 120 ग्रॅम भरतं. घरात आलेलं मोठं खोकं फुकट मिळालं म्हणून वापरणं असं महागात पडतं.

गैरसमज : अर्धा किलो मसाला अर्ध्या किलोच्या दरात जातो.
वस्तुस्थिती : दर टप्प्यांनी वाढतात आणि खासगी कुरिअरचा पहिला टप्पा बहुधा 500 ग्रॅमचा असतो. मसाला 500 ग्रॅम, त्यावर पिशवी, खोकं आणि चिकटपट्टी. काटा 500 च्या पुढे गेला की दुसऱ्या टप्प्याचे पैसे भरावे लागतात. त्यापेक्षा 400 ग्रॅमचं पाकीट विकायला ठेवा, म्हणजे पॅकिंगसह पहिल्याच टप्प्यात बसेल.

गैरसमज : स्पीड पोस्टने 47 रुपयांत देशभर काहीही पाठवता येतं.
वस्तुस्थिती : 1 ऑक्टोबर 2025 पासून 50 ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला स्थानिक 19 आणि बाहेरगावी 47 रुपये पडतात, जीएसटी वेगळा. पण हे दर कागदपत्रांचे आहेत. वस्तू पार्सल म्हणून जाते आणि तिचं दरपत्रक निराळं असतं. काउंटरवर आत काय आहे ते खरं सांगा आणि पार्सलचाच दर विचारा.

गैरसमज : रजिस्टर केलेलं बरं, ते स्वस्त पडतं.
वस्तुस्थिती : 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. जुन्या दरांवर बेतलेल्या किमती आता बदलायला हव्यात.

गैरसमज : पोस्ट जुनाट, कुरिअर केव्हाही बरं.
वस्तुस्थिती : देशात 1 लाख 64 हजारांहून अधिक टपाल कार्यालयं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांत आहेत. ठाण्या-पुण्याला कुरिअर सोयीचं पडेल. गडचिरोलीतल्या एखाद्या गावी पार्सल पाठवायचं असेल, तर आधी पोस्टात विचारा. प्रत्येक ऑर्डरला एकच मार्ग धरून बसू नका.

गैरसमज : कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली की विक्री वाढते, आपलं काही जात नाही.
वस्तुस्थिती : ग्राहकाने पार्सल नाकारलं, तर जाण्याचा खर्च तर गेलेला असतोच, परतीचाही बहुधा विकणाऱ्याच्याच माथी येतो. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूला हे परवडत नाही. पैसे आधी यूपीआयने घ्या. ग्राहक नवा असेल तर निदान पार्सलचा खर्च तरी आगाऊ घ्या.

गैरसमज : ‘नवी मुंबई’ लिहिलं की पत्ता पुरेसा झाला.
वस्तुस्थिती : कामोठे सिडकोने वसवलं असलं, तरी ते रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात येतं. टपालाची वर्गवारी पिनकोडवर होते. तुमच्या पत्त्यात सेक्टर आणि 410209 हा पिनकोड स्पष्ट लिहा. न पोहोचलेलं पार्सल याच पत्त्यावर परत यायचं असतं.

हे सगळं सांभाळायला मोठं भांडवल लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि शिवणकामाची टेप पुरते. पार्सलचा खर्च काउंटरवर नव्हे, आपल्या टेबलावर ठरतो. म्हणून वस्तूची किंमत ठरवायच्या आधी ती पूर्ण पॅक करा, काट्यावर ठेवा, तिन्ही बाजू मोजा आणि मगच ग्राहकाला भाव सांगा.