‘गादी सरकणे’ : एका संज्ञेचा विचार

कंबरेतून निघून पायात उतरणारी कळ आयुर्वेदाला ‘गृध्रसी’ या नावाने परिचित आहे. आजचा रोगी मात्र दवाखान्यातून परततो तो ‘गादी सरकली’ किंवा ‘मणक्यात गॅप पडली’ हे शब्द घेऊन. हे दोन्ही शब्दप्रयोग शरीररचनेशी विसंगत आहेत, आणि ही विसंगती केवळ शाब्दिक म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

बाहेरचे तंतुमय कडे व आतील मऊ गाभा मिळून गादी होते. ती वरच्या व खालच्या मणक्यांना घट्ट जखडलेली असल्यामुळे जागची हलत नाही. कडे झिजून फाटले म्हणजे गाभ्याचा अंश मागे सरतो व मज्जातंतूच्या मुळाला टेकतो. ‘सरकणे’ या क्रियापदाने मात्र सबंध वस्तू ढळल्याचे चित्र उभे राहते. मग ती चोळून-दाबून ‘बसविण्या’ची कल्पनाही ओघानेच येते. ‘गॅप’चा प्रकार तर अगदीच उफराटा, कारण गादी झिजली की मणक्यांतील अंतर वाढत नाही, कमी होते.

चुकीच्या नावाने तज्ज्ञांचीही वाट अडविली होती. पाठीच्या कण्यात सापडणाऱ्या कूर्चासदृश गाठींना शल्यविशारद पूर्वी ‘काँड्रोमा’, म्हणजे कूर्चेचे अर्बुद, म्हणत. 1929 मध्ये वॉल्टर डँडी यांनी अशा 2 रोग्यांतील गाठी गादीपासून सुटलेल्या असल्याचे नोंदविले. परंतु तिकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे बोस्टनचे मिक्स्टर व बार यांनी अर्बुद म्हणून जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले. त्यांतील बरेचसे गादीचेच तुकडे निघाले. 1934 चा त्यांचा निबंध या विकाराच्या शस्त्रक्रियेचा पाया ठरला. वस्तू तीच होती. चिठ्ठी तेवढी बदलली.

त्यानंतर अडचण उलट दिशेने आली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत पाठदुखी नसलेल्या 98 व्यक्तींचे एम.आर.आय. चित्रण केले गेले. शेकडा 52 जणांत निदान एका गादीला फुगवटा व शेकडा 27 जणांत पुढे आलेला भाग दिसला. अर्थात चित्रात दिसणे म्हणजे दुखण्याचे कारण सापडणे नव्हे. 2001 मध्ये तेथील तज्ज्ञसंस्थांनी एकत्रितपणे परिभाषा निश्चित केली व 2014 मध्ये ती सुधारली. गादीच्या परिघाच्या चतुर्थांशाहून अधिक भागात पसरलेला तो ‘फुगवटा’, त्याहून मर्यादित तो ‘हर्निएशन’. शिवाय या संज्ञांवरून वेदना, कारण वा उपचाराची गरज गृहीत धरू नये, असेही त्यांनी स्पष्ट केले. परिभाषाकारांनी इतका संयम क्वचितच दाखविला असेल.

मराठीत ‘गाभा बाहेर येणे’ एवढे म्हटले तरी पुरे. संस्कृत धातूंवरून जोडशब्द घडविला, तर रोग्याआधी शब्दच कण्हू लागेल. बाहेर आलेला अंश कित्येकदा शरीरात आपोआप शोषला जातो, आणि बहुसंख्य रोग्यांची कळ शस्त्रक्रियेवाचून उतरते. लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, पायातील बळ झपाट्याने जाणे, ही लक्षणे मात्र निराळी. तेथे विलंब चालत नाही.