कॉपीबाबत मुली कठोर. आचरणात मात्र अंतर थोडेच

पेण/रोहा, प्रतिनिधी - दहावीची परीक्षा जवळ आली, की भरारी पथके, बैठी पथके आणि परीक्षा केंद्रांलगतची बंद ठेवायची झेरॉक्सची दुकाने यांची चर्चा सुरू होते. रायगड जिल्हा राज्य मंडळाच्या मुंबई विभागात मोडतो. त्यामुळे महानगरातील विद्यार्थ्यांचे नियमच पेण व रोह्यातील विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. मात्र ज्यांच्यासाठी हा बंदोबस्त, त्या मुलामुलींना कॉपीविषयी काय वाटते आणि दोघांच्या वाटण्यात फरक असतो का, याचा विचार क्वचितच होतो.

फरक असतो, असे संशोधन सांगते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड व्हिटली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तोवरच्या अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यातील बहुतेक पाहण्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या होत्या. कॉपी कितपत गैर, या प्रश्नावर मुलींची मते मुलांपेक्षा स्पष्टपणे कडक आढळली. प्रत्यक्ष कॉपी केल्याच्या कबुलीत मात्र दोघांतील अंतर बरेच कमी होते. म्हणजेच लिंगभेद दिसतो तो आचारापेक्षा विचारात अधिक!

भीती की नीती?

मुलींच्या कठोर मतामागे केवळ नीतिमत्ता आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नियम पाळण्याची शिकवण घरात मुलींना अधिक मिळते. मुलाची कॉपी 'धाडस' म्हणून हसण्यावारी नेली जाते. पकडले जाण्याची किंमतही सारखी नसते. गैरप्रकार सिद्ध झाल्यास परीक्षेतील संपादणूक रद्द होते, पुढील परीक्षांना बसण्यावर बंदी येऊ शकते. खेड्यातून एसटीच्या मोफत पासावर शाळा गाठणाऱ्या मुलीचे एक वर्ष वाया गेले, तर शिक्षण सुटून लग्नाचा विषय निघण्याची धास्ती असते. मुलाला 'पुरवणी परीक्षेला बस' असे सांगितले जाते.

निकालाचाही येथे संबंध आहे. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात ९६.१४ टक्के मुली, तर ९२.३१ टक्के मुलगे उत्तीर्ण झाले. अभ्यास झालेल्याला चिठ्ठीची गरज कमी भासते. ३५ गुणांच्या काठावर उभ्या असलेल्याला मोह अधिक होतो. मात्र या आकड्यांवरून मुली प्रामाणिक आणि मुलगे अप्रामाणिक, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

मैत्रीखातर कॉपी

'कॉपी' या शब्दाचा अर्थही दोघांना वेगळा वाटू शकतो. स्वतःसाठी चिठ्ठी नेणे गैर, पण अडलेल्या मैत्रिणीला उत्तर दाखवणे ही मदत, असा समज सर्रास आढळतो. अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात, दुसऱ्याला मदत म्हणून गैरमार्ग पत्करण्याकडे मुलींचा कल अधिक दिसला होता. मंडळाच्या लेखी मात्र उत्तर दाखवणाराही दोषीच.

राज्यात परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा कायदा १९८२ पासून आहे. अलीकडे संवेदनशील केंद्रांवर चित्रीकरण व ड्रोनचीही जोड मिळाली. पहाऱ्याने कॉपी थांबते, मत बदलत नाही. त्यासाठी वर्गात बोलावे लागेल आणि तेही एकाच सुरात नव्हे. मुलांना 'यात पराक्रम नाही' हे, तर मुलींना मैत्रिणीला नकार देण्यात दुष्टपणा नाही हे पटवून द्यावे लागेल.

रोह्यात शिकलेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९१६ मध्ये इंटरची परीक्षाच सोडून काशी गाठली. एकाने परीक्षा जिंकली, दुसऱ्याने नाकारली. फसवले मात्र कोणीच नाही. या परिसरातील शिक्षकांना वर्गातील चर्चेसाठी याहून जवळची उदाहरणे शोधावी लागणार नाहीत.