निचऱ्याच्या पाण्याचा हिशेब

शेतावर मुसळधार पाऊस पडला, की ओघळींतून गढूळ पाणी वाहू लागते. त्या पाण्याबरोबर आपली माती चालली आहे, हे शेतकऱ्यास डोळ्यांनी दिसते आणि बांध घालून तो ती अडवितो. परंतु जे पाणी मातीत मुरते, त्याचे पुढे काय होते? काही पिकांची मुळे शोषून घेतात, काही उन्हावाऱ्याने उडून जाते, आणि उरलेले मुळांच्याही खाली झिरपते. हे शेवटचे पाणी दिसावयास अगदी स्वच्छ असते. जाताना ते जमिनीतून काय घेऊन जाते, हे मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

ही अदृश्य हानी मोजण्याचे काम इंग्लंडमध्ये रॉदॅमस्टेड येथे झाले. तेथे जॉन बेनेट लॉज यांची वडिलोपार्जित जमीन होती. १८४३ साली त्यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने गव्हाच्या एका शेताचे पट्टे पाडून त्यांना निरनिराळी खते देण्यास आरंभ केला. १८४९ मध्ये पट्ट्यांखालून भाजलेल्या मातीचे नळ घालण्यात आले. पुढे त्या नळांतून येणारे पाणी ऑगस्टस व्होल्कर यांनी तपासले. (यांचेच पुत्र १८८९ साली हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आले होते.) पाण्यात स्फुरद व पालाश अत्यल्प निघाले, नत्र मात्र नायट्रेटच्या रूपाने पुष्कळ होते. अमोनियाचे खत वसंत ऋतूत न देता हिवाळ्याच्या तोंडी जेथे दिले होते, तेथे तर ही हानी फारच मोठी होती.

असे का व्हावे? चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युत्भार असतो. अमोनिया व पालाश यांचे भारित कण धन असल्यामुळे माती त्यांना धरून ठेवते. पण जमिनीतील सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्रेट बनवितात. नायट्रेटचा भार ऋण असतो. त्याला माती थारा देत नाही आणि पाणी जाईल तिकडे तेही जाते.

तथापि नळांत सर्व पाणी सापडत नाही. म्हणून १८७० साली लॉज आणि गिल्बर्ट यांनी एक विलक्षण खटाटोप केला. माती उकरून टाकीत भरली, तर तिची मूळ घडण मोडते. तेव्हा त्यांनी जमिनीचा चौकोनी तुकडा जागच्या जागी ठेवून भोवती चर खणला, खालून माती थोडथोडी काढीत सच्छिद्र लोखंडी पत्रे सरकविले आणि भोवती विटांची भिंत बांधली. असे तीन तुकडे केले. प्रत्येकाचे क्षेत्र एकराचा हजारावा भाग. खोली अनुक्रमे २०, ४० व ६० इंच. त्यांवर पीक घेतले नाही, खतही घातले नाही. केवळ खाली गळणारे पाणी मोजावयाचे व तपासावयाचे, हा क्रम अनेक दशके चालला!

निष्कर्ष विचार करावयास लावणारे होते. पडलेल्या पावसापैकी जवळजवळ निम्मे पाणी खाली उतरत होते. खताचा कणही न घातलेल्या त्या उघड्या जमिनीतून प्रारंभीच्या वर्षांत दर हेक्टरी दर साल सुमारे ४५ किलो नत्र वाहून जात होते. सुमारे २० क्विंटल गव्हाच्या दाण्यांत जवळजवळ एवढे नत्र असते. ते येत होते जमिनीतील जुन्या कुजलेल्या द्रव्यातून. सुमारे ४० वर्षांत हे प्रमाण निम्म्यावर आले, कारण तो साठाच आटत चालला होता. शेतात पीक उभे असते, तर त्यातील बराच भाग मुळांनी उचलला असता.

आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. सर्व पाणी मातीतून सावकाश झिरपत नाही. काही गांडुळांच्या बिळांतून व भेगांतून झपाट्याने खाली उतरते. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यात किती भेगाळते, हे सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या जोराच्या पावसाचे पाणी या भेगांतून थेट खोल जाते. पृष्ठभागी नुकतेच टाकलेले खत अशा वेळी त्याबरोबर जाऊ शकते. म्हणून नत्रयुक्त खत एकदम न देता पीक वाढत असताना हप्त्याहप्त्याने देतात. खाली गेलेले नायट्रेट शेवटी विहिरींच्या झऱ्यांस मिळते. भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पाण्यात ते ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते पाणी पिण्यास अयोग्य ठरते. तान्ह्या बालकांना तर ते विशेष बाधक असते.