मोटारीचा गळका सांधा

बंगळूर शहराच्या उत्तर वेशीवर हेब्बाळ आहे. तेथील तलाव शहराचे संस्थापक केंपेगौडा यांच्या काळातील, म्हणजे सोळाव्या शतकातील मानला जातो. आज मात्र हेब्बाळचे नाव निघते ते तलावापेक्षा उड्डाणपुलामुळे. २००३ साली पूर्ण झालेल्या या पुलापाशी बळ्ळारी रस्ता आणि शहराचा बाह्य वर्तुळाकार रस्ता एकत्र येतात. २००८ साली देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यापासून येथील रहदारीला उसंत अशी राहिलेली नाही. कोल्हापूर-बेळगावकडून निघालेली एखादी मोटार दिवसभर विनातक्रार धावते आणि येथे, मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत, तिच्या बॉनेटखालून वाफ येऊ लागते. धावताना शांत असलेली गाडी उभी राहताच का तापावी? या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एका रबरी नळीच्या टोकाशी सापडते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांशच चाके फिरविण्याच्या कामी येते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग धुरावाटे जातो, तर दुसरा तितकाच मोठा भाग शीतक द्रव, म्हणजे कूलंट, रेडिएटरपर्यंत वाहून नेतो. इंजिन सतत थरथरते. रेडिएटर मात्र गाडीच्या सांगाड्याला जखडलेला असतो. दोहोंना धातूच्या नळीने जोडले तर ती लवकरच तडकेल. म्हणून तेथे लवचिक रबरी नळी योजतात आणि तिची टोके पट्टीच्या क्लिपने आवळतात. स्क्रू फिरवून आवळण्याची ही साधी क्लिप ब्रिटिश नौदलातील लमली रॉबिन्सन या अधिकाऱ्याने शोधली आणि १९२१ साली तिचे पेटंट घेतले. गॅरेजमध्ये तिला आजही ‘जुबिली क्लिप’ म्हणतात.

या सांध्यावर नुसत्या द्रवाचा नव्हे, तर दाबाचाही भार असतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९७ अंशांवरच उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र आत दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो इतका जादा दाब टिकवून धरते. त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. स्वयंपाकघरातील कुकरचे तत्त्व हेच. कुकरचे रबर सैल झाले की शिटी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. मोटारीचा सांधा सैल झाला की दाब टिकत नाही आणि द्रव वेळेआधीच उकळू लागतो. वेगाने धावताना समोरचा वारा ही उणीव झाकून टाकतो. कोंडीत तो वारा थांबतो, सारा भार एकट्या पंख्यावर पडतो आणि उणीव उघडी पडते.

गळतीच्या खुणा सूक्ष्म असतात. सांध्याभोवती पांढुरकी वा हिरवट पपडी, किंचित गोडसर वास, सकाळी गाडीखाली ओला डाग. तापमापकाच्या काट्यावर सर्वस्वी विसंबू नये; द्रव फार उतरला तर काट्याला सूचना देणारे उपकरण कोरडे पडते आणि काटा खोटा दिलासा देतो.

दुरुस्तीचा पहिला नियम धीराचा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच उकळता द्रव तोंडावर व हातांवर उसळतो. इंजिन पूर्ण थंडावल्यावर प्रथम क्लिपचा स्क्रू बेताने आवळून पाहावा. फार आवळल्यास पट्टी रबर कापते. क्लिप गंजली असेल, तर ती बदलावी. त्यानेही गळती न थांबल्यास खाली भांडे ठेवून द्रव काढून घ्यावा व नळी पिळून मोकळी करावी. ती चिकटून बसली असेल तर उभी चिरावी, पण टोचून उचकटू नये. अनेक रेडिएटरांची तोंडे आता प्लॅस्टिकची असतात व ती तुटतात. तोंडावरील पपडी स्वच्छ पुसावी. नळी टोकाशी फुगलेली, मऊ पडलेली वा तडकलेली असल्यास नवी घालावी. ती चढविताना पाण्याचा ओलावा पुरे. तेल वा ग्रीस रबराला मारक ठरते. क्लिप तोंडावरील उंचवट्याच्या आतल्या बाजूस बसली पाहिजे. मग योग्य कूलंट भरून, हीटर चालू ठेवून इंजिन फिरवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. थोडा प्रवास झाल्यावर, गाडी निवल्यानंतर, सांधा व द्रवाची पातळी पुन्हा तपासावी.

एक भेद मात्र विसरता कामा नये. गळणारा द्रव ब्रेकचा असेल, तर रस्त्यावर क्लिप आवळून भागत नाही. ती गाडी चालवू नये. ओढूनच दुरुस्तीस न्यावी.

वाटेत पाणी ओतून पुढे जाण्याचा मोह अनेकांना होतो. तेवढ्याने पुढचे गॅरेज गाठता येते. तोच नित्यक्रम झाला तर विहिरीच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवितात. अतिशय तापल्याने इंजिनाचा माथा वाकला, तर चिल्लर किमतीच्या क्लिपपायी हजारोंचा खर्च उभा राहतो.

काढलेला द्रव कोठे टाकावा, हाही प्रश्न उरतोच. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात. तो गटारात ओतला, तर पावसाच्या पाण्याबरोबर जवळच्या जलाशयाची वाट धरतो. म्हणून तो बंद डब्यात भरून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा बेताने, गॅरेजच्या स्वाधीन करावा. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते नासतेही. आणि हेब्बाळच्या पुलावर उभ्या असलेल्या मोटारीपासून हेब्बाळचा तलाव काही लांब नाही.